एका मताने वाचलेला अध्यक्ष

अँड्र्यू जॉन्सन कधी शाळेत गेलाच नाही. जन्म १८०८ चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या गरीब घरात. तीन वर्षांचा असताना वडील गेले, मग शिंप्याकडे उमेदवारी. हिशेब आणि नीट लिहिणं त्याला शिकवलं बायकोने, एलायझाने.

१८६१ मध्ये दक्षिणेची राज्यं अमेरिकेतून फुटली, तेव्हा तिथल्या सिनेटरांपैकी हा एकटाच जागेवर राहिला. १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली आणि उपाध्यक्ष जॉन्सन अध्यक्ष झाला.

गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व देणारं १८६६ चं विधेयक त्याने नाकारलं. काँग्रेसने त्याचा नकार मोडून कायदा केला. पण महाभियोग आला तो वेगळ्याच कारणावरून. सिनेटच्या संमतीशिवाय मंत्र्याला काढू नये, असा कायदा असताना त्याने १८६८ मध्ये युद्धमंत्री स्टँटनला काढलं. अकरा आरोपांपैकी बहुतेक त्याभोवतीच होते. सिनेटमध्ये मतं पडली ३५ विरुद्ध १९. दोन-तृतीयांशाला एक मत कमी! जॉन्सन वाचला. असा कायदा मुळात घटनाबाह्यच होता, असं सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये ठरवलं.

ज्यांचं खरं नुकसान झालं, त्यांना आरोपपत्रात जवळपास जागाच नव्हती. आपल्या घटनेचं कलम ६१ राष्ट्रपतींवरच्या महाभियोगाला एकच कारण देतं: घटनेचा भंग. पण हा भंग मोजायचा कशावर, कागदावर की माणसांवर?

१८७५ मध्ये जॉन्सन वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे डोक्याखाली घटनेची प्रत ठेवून त्याला पुरलं.