खड्डा भरत गेला, वजन उठत गेले

अमेरिकेतील टोकोआ गावात १९३२ साली जन्मलेल्या पॉल अँडरसनला लहानपणीच मूत्रपिंडाचा विकार जडला. अशा मुलाला वजने उचलू द्यायला आजही डॉक्टर कचरतील. पुढे वजनासह बैठका मारण्यासाठी त्याने जमिनीत खड्डा खणला. त्यात उभे राहून खांद्यावरचा बारबेल थोडासाच उचलायचा. काही दिवसांनी खड्ड्यात जराशी माती टाकायची. वजन तेच, बैठक मात्र तेवढी खोल! स्नायूंना सवय व्हायला वेळ मिळे. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तो तापाने फणफणला होता. अर्जेंटिनाच्या सेल्वेत्तीइतकेच एकूण ५०० किलो त्याने उचलले; शरीराचे वजन कमी म्हणून सुवर्णपदक त्याला मिळाले. १९८३ मध्ये बहिणीने त्याला मूत्रपिंड दिले. त्यानंतर तो अकरा वर्षे जगला.