विश्लेषण : पुरुषांच्या हॉलिवूडमधली एकटी दिग्दर्शिका, कोण होत्या आयडा लुपिनो?

१९५०च्या दशकात हॉलिवूडच्या मुख्य प्रवाहात सातत्याने दिग्दर्शन करणारी स्त्री जवळपास एकच होती, आयडा लुपिनो. तरीही त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही. असे का झाले?

अभिनेत्री दिग्दर्शनाकडे कशी वळली?

१९१८ मध्ये लंडनमध्ये नाट्यकलावंतांच्या घराण्यात जन्मलेल्या आयडा पुढे ‘वॉर्नर ब्रदर्स’च्या आघाडीच्या अभिनेत्री झाल्या. न पटणाऱ्या भूमिका नाकारल्या की स्टुडिओ त्यांना निलंबित करी. त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी सेटवर दिग्दर्शन आणि संकलनाचे काम पाहिले. पुढे पती कॉलियर यंग यांच्यासह त्यांनी ‘द फिल्ममेकर्स’ ही कंपनी काढली. ‘नॉट वॉन्टेड’च्या (१९४९) चित्रीकरणावेळी दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि आयडांनी चित्रपट पूर्ण केला. श्रेय मात्र क्लिफ्टन यांच्याच नावावर ठेवले.

चित्रपट वेगळे का ठरले?

कमी खर्च, नवे चेहरे आणि मोठे स्टुडिओ टाळत असलेले विषय, हे त्यांचे सूत्र. ‘नॉट वॉन्टेड’ अविवाहित मातेची कथा. ‘नेव्हर फिअर’मधली नर्तिका पोलिओशी झुंजते; आयडांना स्वतःलाही १९३४ मध्ये पोलिओ झाला होता. ‘आउटरेज’ (१९५०) बलात्कारपीडितेवर होता, पण सेन्सॉरच्या नियमांमुळे तो शब्द चित्रपटात एकदाही उच्चारला गेला नाही. ‘द हिच-हायकर’ (१९५३) हा ७१ मिनिटांचा थरारपट प्रत्यक्षातल्या खुन्यावर बेतलेला आहे.

मग टीव्हीकडे का जावे लागले?

कंपनीने वितरणातही उडी घेतली. ‘द बिगॅमिस्ट’ (१९५३) तिनेच वितरित केला. हा डाव फसला आणि १९५५ मध्ये कंपनीचा कारभार आटोपला. आयडांना काम दिले ते टीव्हीने. मोजके दिवस, मोजका पैसा ही टीव्हीची गरज त्यांच्या सवयीचीच होती. ‘द अनटचेबल्स’, ‘द फ्युजिटिव्ह’, ‘बिविच्ड’ अशा मालिकांचे भाग त्यांनी दिग्दर्शित केले. ‘द ट्वायलाइट झोन’च्या मूळ १५६ भागांपैकी स्त्रीने दिग्दर्शित केलेला एकमेव भाग, ‘द मास्क्स’ (१९६४), त्यांचाच.

नाव मागे का पडले?

टीव्ही मालिका निर्मात्याच्या वा नायकाच्या नावाने ओळखली जाते. भागाचा दिग्दर्शक सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. चित्रपटगृहांसाठी त्यांनी पुन्हा एकदाच, १९६६ मध्ये ‘द ट्रबल विथ एंजल्स’ केला. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९९८ मध्ये ‘द हिच-हायकर’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत जतनासाठी निवडला गेला. हे पाहायला त्या नव्हत्या.