पृथ्वीराज रोडवरची चार वर्षे

राजधानीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होते ते प्रामुख्याने राज्यघटनेच्या संदर्भात. त्यापूर्वी, जुलै १९४२ पासून चार वर्षे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि २२, पृथ्वीराज रोड येथे राहत होते, हे क्वचितच आठवले जाते. समता नेमकी कशाची, हा प्रश्न अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्डच्या व्याख्यानात विचारला आणि माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो, या क्षमतेत त्याचे उत्तर शोधले. मजूर खात्यात हाच प्रश्न तीन-साडेतीन दशके आधी टेबलावर होता.

आंबेडकरांना तो ग्रंथांतून सुचला नव्हता. १८९१ मध्ये महू येथे जन्मलेल्या या सुभेदारपुत्राला सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीमुळे १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठ गाठता आले. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. पदवी होती, पद होते, छप्पर नव्हते. महाडलाही तेच. तळे सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव होता, तरी पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला.

अधिकारपद हाती येताच त्यांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिले. १९४३ मध्ये केंद्रीय सेवांत ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. पाठोपाठ परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्याही सुरू झाल्या. केवळ जागा राखून भागत नाही, ती भरणारा उमेदवारही घडवावा लागतो, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यावरून जाणले होते.

सारे निर्णय मात्र मनासारखे नव्हते. युद्धकाळातील कोळसाटंचाईपायी सरकारने १९४३ मध्ये स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी उठवली आणि मध्यवर्ती विधिमंडळात तिचे समर्थन मजूरमंत्री या नात्याने त्यांनाच करावे लागले. पुरुषांइतकेच वेतन मिळेल, हा त्यांचा एक मुद्दा होता. तो महत्त्वाचा खरा. पण त्याने खाणीतला धोका तसूभरही कमी होत नव्हता. बंदी पुन्हा लागू झाली ती १९४६ मध्ये. त्यांच्या चरित्रकारांनी हे प्रकरण उगाच झाकू नये. कामाचे तास बारांवरून आठवर आणले, असे भाषणांतून ऐकू येते, तेही काटेकोर नाही. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. मोठे काम आहे. फुगवण्याची गरज नाही.

पुढे कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले. स्त्रीला मालमत्तेत वाटा आणि घटस्फोटाचा अधिकार देणारे ते विधेयक रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते २६, अलीपूर रोडवर राहायला गेले. त्या विधेयकाचे तुकडे करून संसदेने १९५५-५६ मध्ये चार स्वतंत्र कायदे केले. त्यांतील शेवटचा डिसेंबर १९५६ मध्ये झाला. त्याच महिन्याच्या ६ तारखेला आंबेडकर अलीपूर रोडवरच्या घरी निवर्तले होते.