राजा रविवर्मा : देवघरापर्यंत पोहोचलेला चित्रकार

आपल्या समाजातील जुन्या कुटुंबांपैकी क्वचितच एखादे घर असे असेल, की ज्याच्या देवघरात किंवा माजघराच्या भिंतीवर कमळावर उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी, अथवा शुभ्र वस्त्र नेसून वीणा वाजविणारी सरस्वती चौकटीत बसविलेली नाही. आपण लहानपणापासून तिला नमस्कार करीत आलो. तिचे मुख आपल्या इतके परिचयाचे झाले आहे, की देवी म्हटली म्हणजे हेच रूप डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु हे रूप ज्याच्या कुंचल्यातून उतरले, त्या चित्रकाराला ते कोठे सापडले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. त्याचे उत्तर रविवर्म्यांच्या चरित्रात मिळते, आणि ते मोठे उद्बोधक आहे.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. त्यांचे घराणे त्रावणकोरच्या राजकुळाशी विवाहसंबंधांनी जोडलेले होते. वडील विद्वान होते, तर मातोश्री उमांबाबाई स्वतः काव्यरचना करीत. पार्वतीस्वयंवराचे आख्यान त्यांनी रचले होते. घरात संस्कृताचे अध्ययन चाले, पुराणे वाचली जात. मंदिरांच्या व वाड्यांच्या अंगणात दिव्याच्या उजेडात रात्रभर चालणारे कथकळीचे खेळ तर त्या प्रांतातील मुलांच्या रक्तातच भिनलेले असत. नळ, दमयंती, कीचक, द्रौपदी ही मंडळी अशा बालकाला परकी वाटत नाहीत. ती शेजारच्या घरातील माणसांसारखीच ओळखीची होतात.

या मुलाच्या हाती कोळशाचा तुकडा लागला, की घराच्या पांढऱ्या भिंतींची धडगत नसे. गाय, हत्ती, पक्षी, अंगणात वावरणारी माणसे, जे दृष्टीस पडेल ते भिंतीवर उतरे. नोकरमंडळींनी तक्रार करावी आणि वडीलधाऱ्यांनी रागवावे, हा नित्यक्रम झाला. मात्र मामा राजराजवर्मा हे तंजावर शैलीत चित्रे काढणारे रसिक गृहस्थ होते. त्यांचे एक अपुरे चित्र भाच्याने ते घरी नसताना पुरे करून टाकले आणि ते पाहून रागावण्याऐवजी मामांनी त्याला शिष्य करून घेतले, अशी हकीकत चरित्रकार सांगतात. त्या क्षणी मामांनी छडी उचलली असती, तर पुढची कथा कदाचित घडलीच नसती.

१८६२ साली मामांनी या चौदा वर्षांच्या मुलाला तिरुवनंतपुरम येथे महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. राजाश्रय मिळाला, परंतु गुरू मिळेना. तैलरंगांची कला त्या काळी या देशात नवी होती. दरबारातील जाणते चित्रकार रामस्वामी नायकर यांनी आपली विद्या या होतकरू मुलाला देण्याचे नाकारले. त्यांच्याच एका शिष्याने रात्री गुपचूप येऊन काही गोष्टी दाखविल्या, असे सांगतात. पुढे १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपीय चित्रकार महाराजांची चित्रे काढण्यासाठी आले. त्यांनी शिकविण्यास संमती दिली नाही. केवळ शेजारी उभे राहून पाहण्याची मुभा दिली. रविवर्म्यांनी तेवढ्यावरच समाधान मानले. रंग कसा मिसळावा, सावली कशी धरावी, हे ते पाहून शिकले आणि घरी परत येऊन स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा करून पाहू लागले. एकलव्याची कथा आपण मुलांना सांगतो; तिचे हे अगदी अलीकडचे उदाहरण होय.

१८७० साली ते कोल्लूर येथे मूकांबिका देवीच्या दर्शनास गेले आणि तेथे एक्केचाळीस दिवस उपासना करून राहिले. परतीच्या वाटेवर कालिकत येथे एका कुटुंबाचे चित्र काढण्याचे काम त्यांना मिळाले. मोबदला घेऊन केलेले ते त्यांचे पहिले काम होते. देवीच्या कृपेचा हा प्रसाद आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. राजघराण्याशी नाते असलेल्या माणसाने पैसे घेऊन चित्रे काढावीत, हे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. त्यांनी ती टीका मनाला लावून घेतली नाही.

त्यांचे नाव प्रथम सर्वत्र झाले ते १८७३ साली. मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या ज्या चित्राला पारितोषिक मिळाले, त्याचा विषय कोणता होता? एक नायर स्त्री आपल्या केसांत मोगऱ्याची माळ माळीत आहे, एवढाच. केरळातील कोणत्याही घरात रोज संध्याकाळी दिसणारे ते दृश्य होते. तेच चित्र व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही गौरविले गेले. तीन वर्षांनी त्यांनी कमळाच्या पानावर पत्र लिहिणारी शकुंतला काढली. ती मद्रासच्या गव्हर्नरांनी विकत घेतली आणि मोनिअर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतरात तिला स्थान मिळाले. पहिले चित्र रोजच्या संसारातले, तर दुसरे लहानपणी ऐकलेल्या कथेतले. हे दोन प्रवाह त्यांच्या जीवनात अखेरपर्यंत शेजारी शेजारी वाहत राहिले. किंबहुना ते एकमेकांत मिसळले, यातच त्यांचे यश आहे.

मराठी मंडळींशी त्यांचा संबंध जुळला तो सर टी. माधवराव यांच्यामुळे. माधवराव हे तंजावरकडील मराठी कुटुंबातले. प्रथम त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झालेल्या या गृहस्थांनी तरुण चित्रकाराचे गुण पूर्वीच हेरले होते. १८८१ साली सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळाले, त्या समारंभाच्या निमित्ताने रविवर्मा आपले धाकटे बंधू राजवर्मा यांच्यासह बडोद्यास आले आणि काही महिने राहून त्यांनी राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे काढली. हे राजवर्माही कुशल चित्रकार होते. पाठीमागचे डोंगर, झाडे, आकाश बहुधा तेच रंगवीत, आणि थोरल्या बंधूंचा सर्व व्यवहारही तेच सांभाळीत.

पुढे १८८८ साली सयाजीराव महाराजांनी रामायण, महाभारत व पुराणे यांतील प्रसंगांची चौदा चित्रे काढण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. येथे एक मोठा प्रश्न उभा राहिला. दमयंती कोणते वस्त्र नेसत होती? सुभद्रेचे अलंकार कसे होते? याचा शोध घेण्यासाठी दोघे बंधू उत्तर हिंदुस्थानात हिंडले, तीर्थक्षेत्रे व जुनी शिल्पे पाहिली. परंतु सर्व देशाला आपला वाटेल असा एकच प्राचीन वेष काही त्यांना सापडला नाही. तेव्हा त्यांनी दूरच्या भूतकाळात शोधणे सोडले आणि भोवतालच्या स्त्रियांकडे पाहिले. महाराष्ट्रातील लुगडे, त्याच्या निऱ्या, खांद्यावरून येणारा पदर हे त्यांच्या डोळ्यांत भरले. पुराणांतील नायिका व देवता आपल्या आजी-पणजींच्या वस्त्रात दिसू लागल्या, त्या अशा.

ही चित्रे पूर्ण होऊन बडोद्यास व मुंबईस लोकांना पाहण्यासाठी मांडण्यात आली, तेव्हा दर्शनासाठी लोटावी तशी गर्दी लोटली. ज्या कथा आजवर कीर्तनात कानांनी ऐकल्या, त्या लोक प्रथमच डोळ्यांनी पाहत होते. तारामती, मत्स्यगंधा, सुभद्रा या जिवंत स्त्रिया म्हणून पुढे उभ्या राहिल्या. त्यांपैकी अनेक चित्रे आजही बडोद्यात आहेत.

त्याच सुमारास त्यांनी घरगुती जीवनातील चित्रेही काढली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पाठविलेल्या त्यांच्या दहा चित्रांत आपली कन्या व नातू हेच त्यांनी चित्रविषय केले होते. मुलाला कडेवर घेऊन ती पतीच्या येण्याची वाट पाहत आहे, एवढाच तो प्रसंग. नववधूचा शृंगार, वाईट वार्ता कळलेली स्त्री, रस्त्याकडेला उतरलेले भटक्यांचे बिऱ्हाड असे विषयही त्यांत होते. या चित्रांना शिकागोस पारितोषिके मिळाली.

परंतु राजवाड्यातील चित्र किती लोक पाहणार? चित्रांच्या रंगीत प्रती छापून त्या सर्वांपर्यंत पोहोचवाव्यात, असे माधवरावांनी पूर्वीच सुचविले होते. १८९४ साली मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. जर्मनीहून यंत्रे आणि कारागीर आणविले गेले. शिळेवर एकेका रंगासाठी वेगळा ठसा करून, एकावर एक रंग चढवून चित्र सिद्ध होई. शकुंतलेचा जन्म हे पहिले चित्र छापले गेले आणि मागोमाग लक्ष्मी, सरस्वती अशा देवता घरोघर जाऊ लागल्या.

व्यवहारात मात्र या छापखान्याने त्यांना दमविले. मुंबईत प्लेग आला, कर्ज वाढले, छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस हलवावा लागला आणि अखेर तो एका जर्मन कारागिराला विकावा लागला. चित्रे घरोघर पोहोचली, परंतु चित्रकाराच्या पदरी तोटाच आला. १९०५ च्या जानेवारीत बंधू राजवर्मा निवर्तले, आणि हा आघात त्यांना सोसला नाही. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या पश्चात आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता आदी विचारवंतांनी त्यांच्या कलेवर कठोर टीका केली. ही कला पाश्चात्त्यांच्या वळणाची आहे, तिच्यातील देवता नाटकातील पात्रांसारख्या वाटतात, असा त्यांचा आक्षेप होता. त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या दोषासाठी पंडितांनी नाक मुरडले, त्यातच सामान्य भाविकाला आपलेपणा सापडला, हेही तितकेच खरे.

आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. त्या काळी असंख्य लोकांना मंदिराचा उंबरठा ओलांडण्याची मनाई होती, आणि रविवर्म्यांचे त्रावणकोर या बाबतीत अत्यंत कडक होते. काही आण्यांत मिळणारे छापील चित्र मात्र कोणाचीही जात विचारीत नव्हते. ज्याला गाभाऱ्यापर्यंत जाता येत नव्हते, त्याच्या झोपडीत लक्ष्मी स्वतः चालत गेली. पुढे १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरची मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याची घोषणा झाली. ती करणारे महाराज चित्तिरा तिरुनाळ हे रविवर्म्यांच्या नातीचे चिरंजीव, म्हणजे त्यांचे पणतू होते. पणजोबांनी कुंचल्याने जे दार किलकिले केले, ते पणतवाने राजाज्ञेने सताड उघडले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आपल्या घरातील एखादे मूल भिंतीवर रेघोट्या ओढू लागले, तर रागावण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे. त्याने आजीच्या तोंडून ऐकलेला हनुमान काढला असेल, किंवा तुळशीपुढे दिवा लावणारी आई काढली असेल. त्याला कागद द्यावा आणि रात्री आणखी एक गोष्ट सांगावी. किळिमानूरच्या त्या मामांनी याहून वेगळे काही केले नव्हते.