हाफकिन : आधी टोचून घेतले, मग टोचले

आपल्या मराठवाड्यात पटकी म्हणजे मरीआईचा कोप समजला जाई. देवीचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याचे काम महारांच्या माथी मारले जाई. रोग देवीचा नसून जंतूचा आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी सिद्ध केले. त्या जंतूपासून लस बनवून ती भारतातील गोरगरिबांच्या वस्तीत नेली वाल्डेमार हाफकिन यांनी. परळच्या संस्थेला त्यांचे नाव आहे, पण हा माणूस कोण होता हे किती जणांना ठाऊक आहे?

हाफकिन 1860 मध्ये ओडेसातील ज्यू कुटुंबात जन्मले. झारच्या राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. विद्यार्थी हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले, अटकही झाली. धर्म सोडल्यास विद्यापीठात जागा मिळेल, ही अट त्यांनी धुडकावली. देश सोडावा लागला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातील दुय्यम नोकरी पत्करून त्यांनी संशोधन केले. 18 जुलै 1892 रोजी पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचली.

1893 मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या कट्टल बागान बस्तीत सुमारे 200 पैकी 116 जणांनी लस घेतली. पुढे तिथे पटकी झाली ती लस न घेतलेल्यांनाच. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी त्याचीही लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी तीही आधी स्वतःच्या अंगावर घेतली.

1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला, ते निलंबित झाले. लसीची बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही बाब पुराव्यात असूनही डावलली गेली. रोनाल्ड रॉस यांच्यासह शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. वकील म्हणून मला हे प्रकरण फार ओळखीचे वाटते. आरोपी परका असला की पुरावा मागे पडतो आणि शिक्षा पुढे धावते. 1930 मध्ये लोझान येथे ते वारले.

आज पटकीची लस तोंडावाटे देतात. 2013 पासून जागतिक आरोग्य संघटनेने तिचा आपत्कालीन साठा ठेवला आहे. ऑक्टोबर 2017 मध्ये बांगलादेशातील कॉक्स बाजारच्या छावण्यांत रोहिंग्या निर्वासितांसाठी मोहीम निघाली आणि साथ भडकण्याआधीच सुमारे 7 लाख लोकांना लस मिळाली. वस्तीवरच्या हल्ल्यातून देशोधडीला लागलेल्या माणसाने सुरू केलेले काम अशा रीतीने देशोधडीला लागलेल्यांपर्यंत पोहोचले.

परंतु लस म्हणजे पाणी नव्हे. ती काही काळाची ढाल आहे. स्वच्छ पाणी आणि शौचालय नसेल तर पटकी पुन्हा येतेच. 1978 च्या नामांतर दंगलीत नांदेड जिल्ह्यात आपल्या वस्त्या जळाल्या, माणसे घरदार सोडून पळाली. घर गेले की आधी पाणी जाते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. महाडचा सत्याग्रह पाण्यासाठीच होता.

म्हणून धर्माबादच्या कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच, की लसीबद्दल अफवा उठली तर हाफकिन यांच्यासारखे आधी स्वतः दंड पुढे करा. आणि लस देऊन सरकार हात झटकू लागले, तर नळासाठी तहसीलवर मोर्चा न्या.