‘वागळे’च्या पाठीशी उभ्या दुर्गाबाई

गोष्ट 1988 सालची. आमचं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. गुलमंडीजवळच्या आमच्या वाड्यात मिळून एकच टीव्ही, तोही शटरचा. ‘वागले की दुनिया’ लागली की शेजारपाजारची मंडळी सतरंजी गाठत. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला तो साधाभोळा वागळे, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांची ती जोडी, सगळं आपल्याच घरातलं वाटे. एकदा नावांच्या पाट्या सरकत असताना आईनं मला गप्प केलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. निर्मिती, दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स!

माझा विश्वासच बसेना. दुर्गा खोटे म्हणजे ‘मुगल-ए-आझम’मधली जोधाबाई, ‘बिदाई’तली आई. त्यांचा आणि या कारकुनाच्या घराचा काय संबंध? त्या दिवसापासून मी दुर्गाबाईंबद्दल मिळेल ते वाचत आलो आणि त्यांचं एक वेगळंच रूप हाती लागलं.

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1905 चा, मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातला. शिक्षण कॅथेड्रल आणि सेंट झेवियर्समध्ये. लग्न श्रीमंत खोटे घराण्यात झालं. पुढे सासरची ती श्रीमंती ओसरली आणि बकुल व हरिन या दोन मुलांसाठी कमावणं भाग पडलं. ज्या काळी घरंदाज बाईनं सिनेमात जाणं म्हणजे कुळाला बट्टा, त्या काळी, 1931 मध्ये, त्यांनी ‘फरेबी जाल’मध्ये छोटीशी भूमिका केली. चित्रपट आला आणि नातेवाईक, समाज सगळेच तुटून पडले. दुसरी एखादी तिथेच थांबली असती. दुर्गाबाई मात्र पुढच्याच वर्षी ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाल्या. दिग्दर्शक व्ही. शांताराम, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे. आपली गाणी त्या स्वतःच गायल्या. हा बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. टीका करणारेच आता कौतुक करू लागले.

यानंतरचा भाग फारसा कुणाला ठाऊक नसतो. नट-नट्या तेव्हा एकाच कंपनीत पगारावर असत. दुर्गाबाईंनी मात्र स्वतःला कुणा एकाच्या दावणीला बांधून घेतलं नाही. कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई, जिथे चांगलं काम तिथे त्या गेल्या. कलकत्त्याला देवकी बोस यांच्या ‘सीता’त (1934) पृथ्वीराज कपूर यांच्याबरोबर, तर ‘प्रभात’च्या ‘अमरज्योती’त (1936) समुद्रावर सत्ता गाजवणारी बंडखोर सौदामिनी! त्याच दशकात ‘सवंगडी’ या चित्रपटाच्या निर्मितीतही त्या उतरल्या. 1952 मध्ये त्यांनी ‘फॅक्ट फिल्म्स’ ही संस्था काढली. माहितीपट, जाहिरातपट, लघुपट असं पडद्यामागचं काम तिथे चाले. हीच संस्था पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स झाली.

आयुष्यानं त्यांना सुखाबरोबर घावही दिले. ज्यांच्यासाठी चेहऱ्याला रंग लावला, त्या दोघांपैकी हरिन अकाली गेला. दोन लहान मुलं पदरात असलेली त्याची पत्नी विजया म्हणजेच पुढे नाट्यदिग्दर्शिका म्हणून नावाजलेल्या विजया मेहता. घरातल्या दोन पिढ्यांतल्या दोन बायका अशा कामाच्या आधारानं उभ्या राहिल्या.

मानसन्मान आले. 1968 मध्ये पद्मश्री, ‘बिदाई’साठी फिल्मफेअर, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. पण मला मोठी वाटते ती 83 व्या वर्षाची गोष्ट. त्या वयात माणसं जुन्या छायाचित्रांचे अल्बम चाळतात. यांचं नाव मात्र नव्या माध्यमात, कुंदन शाह यांच्यासारख्या दिग्दर्शकाच्या मालिकेवर झळकत होतं. याच मालिकेच्या एका भागात शाहरुख खान नावाचा एक होतकरू मुलगाही दिसून गेला होता.

22 सप्टेंबर 1991 रोजी दुर्गाबाई गेल्या. आईला त्या कायम जोधाबाईच राहिल्या. मला मात्र राणीच्या मुकुटापेक्षा ती सरकती पाटीच अधिक आठवते. मुलांच्या पोटासाठी सुरू झालेलं काम साठ वर्षांनी आमच्या वाड्यातल्या सतरंजीपर्यंत येऊन पोहोचलं होतं.