राम पंजवानी

राम प्रतापराय पंजवानी (२० नोव्हेंबर, १९११ : लारकाना, सिंध, ब्रिटिश भारत – ३१ मार्च, १९८७) हे सिंधी भाषेतील कादंबरीकार, लोकगायक, अभिनेते आणि प्राध्यापक होते. फाळणीनंतर भारतात विखुरलेल्या सिंधी समाजाला झुलेलाल हे समान दैवत आणि चेटीचंड हा समान सण मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. समाजात ते ‘दादा राम पंजवानी’ या नावाने ओळखले जात.

कराची ते मुंबई

पंजवानी यांनी कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयात अध्यापन केले. फाळणीपूर्वीच कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव झाले होते. ‘पद्मा’ आणि ‘कैदी’ या त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या होत. पंजाब आणि बंगालप्रमाणे सिंध प्रांताची विभागणी झाली नाही. तो संपूर्ण पाकिस्तानात गेला. त्यामुळे भारतात आलेल्या सिंधी हिंदूंच्या वाट्याला स्वभाषेचा कोणताही प्रदेश उरला नाही. कराचीतील याच महाविद्यालयातून आलेल्या अध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद महाविद्यालय सुरू केले. पंजवानी तेथे सिंधी शिकवू लागले.

निर्वासितांचा समाज

मुंबई परिसरातील सर्वांत मोठी निर्वासित वसाहत कल्याणजवळ होती. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी तळाच्या बराकींमध्ये सरकारने हजारो सिंधी कुटुंबांची सोय केली. ८ ऑगस्ट, १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीची नगर म्हणून कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. पाच भागांत वसलेल्या या नगराचे भाग आजही ‘कॅम्प’ म्हणूनच ओळखले जातात. एका बाजूला कल्याण, दुसऱ्या बाजूला शिलाहारकालीन शिवमंदिराचे अंबरनाथ आणि त्यापुढे बदलापूर, अशा मराठी मुलखाच्या मधोमध हा समाज येऊन पडला होता.

तो बाहेरून एकजिनसी भासला तरी तसा नव्हता. नोकरीपेशातील आमिल, व्यापारी भाईबंद, शिकारपुरी असे त्याचे गट होते. कोणी गुरू नानकांना मानत, कोणी सूफी संतांच्या दर्ग्यांना जात, तर कोणी सिंधू नदीचे उपासक, म्हणजे दर्यापंथी होते. बराकींत हे सारे भिंतीला भिंत लावून राहू लागले. शेजाऱ्यांना त्यांचा आहार, पोशाख आणि अरबी वळणाची लिपी परकी वाटे. हे नेमके कोणत्या धर्माचे, असा प्रश्नही विचारला जाई. उल्हासनगरच्या मालावरून झालेले थट्टेचे विनोद पुढे कित्येक वर्षे टिकले.

झुलेलाल आणि चेटीचंड

या परिस्थितीत पंजवानी यांनी झुलेलालाची निवड केली. झुलेलाल अथवा उडेरोलाल हे मुळात सिंधू नदीशी निगडित दैवत असून फाळणीपूर्वी त्याची उपासना मुख्यतः दर्यापंथीयांपुरती होती. पंजवानी यांनी गीते, व्याख्याने आणि मिरवणुका यांच्या साहाय्याने ते साऱ्या समाजापुढे नेले. १९६६ च्या ‘झुलेलाल’ या सिंधी चित्रपटातही त्यांनी भूमिका केली. चैत्राच्या आरंभी, बहुधा गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येणारा चेटीचंड हा या दैवताचा जन्मोत्सव सार्वजनिक रीतीने साजरा होऊ लागला. दिवा, फळे आणि खडीसाखर मांडलेला ‘बहराणा साहिब’ मिरवत नेऊन त्याचे पाण्यात विसर्जन करतात. सिंधू दुरावली होती. जवळची नदी, तलाव किंवा समुद्र तिच्या जागी आला. सार्वजनिक गणेशोत्सवाची सवय असलेल्या महाराष्ट्राला अशी मिरवणूक समजण्यास अवघड नव्हती.

घागरीवर ताल धरून गाणे ही पंजवानी यांची ओळख होती. लोकगीतांबरोबर ते सूफी रचनाही गात. सिंधी भाषा अरबी लिपीत लिहावी की देवनागरीत, यावर त्या काळी लेखकांमध्ये तीव्र मतभेद होते आणि अखेर दोन्ही लिप्या चालू राहिल्या. मराठी वा हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलांना आजोबांची पुस्तके वाचता येईनाशी झाली. गाण्याला मात्र लिपीची अडचण नव्हती, आणि कादंबरीकार पंजवानींपेक्षा गायक पंजवानी अधिक घरांत पोहोचले याचे हे एक कारण असावे.

त्यांच्या या कार्याकडे टीकात्मक दृष्टीनेही पाहिले जाते. सिंधमधील उडेरोलाल येथील स्थानावर हिंदू आणि मुसलमान दोघेही जातात. मुसलमान तेथील संतास शेख ताहिर मानतात. भारतात रूढ झालेल्या प्रतिमेत हा सामायिक भाग मागे पडला. समाजाला शेजाऱ्यांत सामावून घेणे सोपे झाले, पण त्याच्या जुन्या मिश्र श्रद्धेचा काही अंश त्या बदल्यात गेला. स्वतः पंजवानी यांनी सूफी गायन सोडले नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते.

सन्मान व उत्तरकाळ

साहित्य अकादमीने १९५७ मध्ये सिंधीला मान्यता दिली. पंजवानी यांना ‘अनोखा आझमूदा’ या पुस्तकासाठी १९६४ चा अकादमी पुरस्कार मिळाला. दीर्घ चळवळीनंतर १० एप्रिल, १९६७ रोजी २१ व्या घटनादुरुस्तीने सिंधीचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला. १९८१ मध्ये भारत सरकारने पंजवानी यांना पद्मश्री देऊन गौरविले. मुंबईतील सांताक्रूझ येथे त्यांनी ‘सीता सिंधू भवन’ हे सांस्कृतिक केंद्र उभारले.

उल्हासनगरमध्ये चेटीचंडच्या मिरवणुका आजही निघतात आणि श्रावणाच्या सुमारास झुलेलालाचे चाळीस दिवसांचे ‘चालिहो’ व्रत पाळले जाते.